पंचनाम्यातला गांजा, प्रयोगशाळेतला गांजा

अकोल्याहून वाशीमकडे येताना पातूरचा घाट ओलांडला की मेडशी लागते. समजा, या रस्त्यावर एखाद्या गाडीत हिरवट पाल्याचे पोते सापडले. वास उग्र, म्हणून पंचनाम्यात ‘गांजा’ लिहिले जाते. खरे उत्तर मात्र प्रयोगशाळेतून यायचे असते.

1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील, तर नुसती पाने आणि बिया गांजात मोडत नाहीत. रासायनिक चाचणीला हा भेद कळत नाही. नशा आणणारे द्रव्य पानांतही असते, त्यामुळे नळीतला रंग तिथेही बदलतो. शेंडे आहेत की नाहीत, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेच लागते. वजनाचेही तसेच. एक किलोपर्यंत गांजा असेल तर जास्तीत जास्त एक वर्ष कैद. 20 किलोंच्या वर गेला की किमान दहा वर्षे! तुरीच्या शेतातून उपटलेली गांजाची ओली झाडे मुळांसकट, मातीसकट काट्यावर चढली, तर माणसाच्या आयुष्यातली किती वर्षे त्या मातीने तोलली जातील?

ऑगस्ट 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 48 किलो ‘गांजा’च्या प्रकरणात शेंड्यांचाच मुद्दा धरून अटकपूर्व जामीन दिला.

सातारा जिल्ह्यात 2015 मध्ये एका पोलिसाच्या घरातून शंभर किलोंहून अधिक पांढरी पूड जप्त झाली. नोंद झाली मेफेड्रोन या अमली पदार्थाची. नंतरच्या अहवालात ती अजिनोमोटो निघाली. प्रयोगशाळाही चुकते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एका रसायनतज्ज्ञ महिलेने नमुने न तपासताच अहवाल दिले होते. 2012 मध्ये तिला अटक झाली आणि 2017 मध्ये 21 हजारांहून अधिक खटले रद्द करावे लागले.

नमुना दंडाधिकाऱ्यांसमोर काढावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये बजावले. 2022 च्या नियमांप्रमाणे गांजाचा प्रत्येक नमुना 24 ग्रॅमचा, तोही दोन प्रतींत घ्यायचा असतो. दुसरी प्रत जपली, तरच फेरतपासणीला अर्थ राहतो.

जप्तीच्या वेळी पंच म्हणून गावातल्याच माणसांना बोलावतात. मेडशीकरांनो, असे बोलावणे आले तर पोत्यात शेंडे आहेत की नुसता पाला, ते पाहा. काट्यावरचा आकडा स्वतः वाचा, लाखेचे सील आपल्यासमोर लागू द्या आणि मगच सही करा.