नोकरीची बातमी झाकून ठेवू नका

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी भाषण करणारी बाई नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "जे मनात आहे तेच बोला." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर आपली म्हणून सांभाळून घ्या.

माझे सासरे परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी दारावर जाऊन उभे राहायचे. कोणी गैरहजर असेल तर काम, नाही तर परत घरी. ते सांगत, की गिरणीत माणसे घेणार अशी कुणकुण लागली की ती आधी गावच्या खोलीत यायची. एका खोलीत गावचे वीस-पंचवीस जण राहत. जेवताना बातमी फुटे आणि दुसऱ्या दिवशी गावाकडे पत्र जाई. त्यात एक खोटही होती. बातमी आपल्याच गावच्या माणसाला मिळे, दुसऱ्या गावचा पोरगा दाराबाहेरच राही. पण निदान गावाला तरी ती मिळे.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. गावच्या खोलीत येणारी ती बातमीही त्यांच्याबरोबर गेली. आता आपली मुले दहावी, बारावी, आय.टी.आय. होतात आणि विचारतात, "आई, जागा कुठे निघतात?" आपल्याला काय ठाऊक असणार!

आता माझी गोष्ट सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

चार वर्षांपूर्वी माझा थोरला आय.टी.आय.मधून फिटर झाला. शेजारच्या वहिनींची मुलगी त्याच साली इलेक्ट्रिशियन झाली. वहिनी एकदा नळावर म्हणाल्या, "कुठे काही कळले तर सांगा हं." मी "हो, हो" म्हटले. पंधरा दिवसांनी आमच्या ह्यांनी एका कारखान्याची जाहिरात आणली. शिकाऊ उमेदवार हवे होते, दोन्ही कामांचे. मी ती जाहिरात घडी घालून डब्याखाली ठेवली. मनात म्हटले, जितके अर्ज कमी तितके बरे. फिटरच्या जागा वेगळ्या आणि इलेक्ट्रिशियनच्या वेगळ्या, एवढेही मला कळत नव्हते. ती मुलगी माझ्या मुलाच्या वाटेत येणारच नव्हती!

माझ्या मुलाची निवड झाली नाही. त्या मुलीला मात्र शेवटची तारीख उलटल्यावर कळले. ती आज कापडाच्या दुकानात उभी असते. दोन वर्षे शिकलेले काम हातातून सुटत चालले आहे. वहिनींनी मला कधी विचारले नाही. संक्रांतीचे वाण दर वर्षी देत आल्या.

परवा मी त्यांच्या घरी गेले आणि सारे सांगितले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "सभेत बोला. पण नुसते बोलू नका, काही करा." त्या इथेच बसल्या आहेत.

तेव्हा माझे मागणे असे. मंडळाच्या दारात एक फळा लावावा. ज्या घरात जागेची बातमी येईल त्या घराने त्यावर चार गोष्टी लिहाव्या: काम कोणते, शिक्षण व वय किती, शेवटची तारीख आणि बातमी कुठे वाचली. बातम्या मिळतात पुष्कळ. 'रोजगार समाचार' दर आठवड्याला निघतो. पूर्वी सेवायोजन कार्यालयात नाव घालायला रांग लावावी लागे. आता महाराष्ट्र सरकारच्या महास्वयम संकेतस्थळावर मोबाईलवरून नोंदणी होते. केंद्र सरकारची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५पासून आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१चा आहे. काम शिकता शिकता विद्यावेतन मिळते, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? आपल्या जवळच रेल्वेचे लोअर परळ आणि माटुंग्याचे कारखाने आहेत. तिथे असे उमेदवार घेतात.

जागेची बातमी आली म्हणजे सगळे झाले असे नाही. अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला हे कागद एका दिवसात हाती येत नाहीत. जाहिरात निघाल्यावर धावपळ केली तर तारीख हुकते. म्हणून मुलगा किंवा मुलगी शेवटच्या वर्षाला असतानाच कागद करून ठेवावेत.

आणखी एक. आपल्यापैकी ज्या कामाला जातात, किंवा ज्यांची मुले जातात, त्यांनी खरे सांगावे. पगार कागदावर किती आणि हातात किती? भविष्यनिर्वाह निधी कापतात का? कापत असतील तर मालकही आपला वाटा भरतो का? रात्रपाळी असते का, मुलीला घरी यायला काय सोय आहे? "छान आहे हो" एवढ्याने कोणाचे भले होत नाही. आपली नोकरी थोडी मोठी करून सांगण्याची आपल्याला खोड आहे, आणि शेजारची पोर त्यात फसते.

आणि जो नोकरी लावतो म्हणून पैसे मागेल, कधी गणवेशाचे, कधी अनामत म्हणून, त्याला दारातूनच वाटेला लावा. सरकारी परीक्षेचे शुल्क असते, पण ते जाहिरातीत छापलेले असते आणि सांगितलेल्या जागीच भरायचे असते. कोणा दलालाच्या हातात नव्हे. फळ्यावर लिहिण्याआधी मंडळातल्या दोघींनी मूळ जाहिरात पाहावी, म्हणजे खोटी बातमी आपल्या हातून पसरणार नाही.

भगिनींनो, साखर उसनी दिली तर डब्यातली कमी होते. बातमी दिल्याने आपली कमी होत नाही. हे मला चार वर्षे उशिरा कळले, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या लेकीने दिली.

फळ्यासाठी लाकूड आमचे हे देणार आहेत. पहिली ओळ मी लिहीन, आणि ती इलेक्ट्रिशियनच्या जागेची असेल. त्या मुलीचे वय अजून उलटलेले नाही.