जोड निकामी होण्यापूर्वी



रायपूरच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, घरोघरी कूलर व एसी अहोरात्र चालतात, आणि नेमक्या याच दिवसांत कुठे प्लग वितळतो, तर कुठे मेन स्विचमधून जळका वास येतो. ‘लूज कनेक्शन होते’ एवढे सांगून वायरमन स्क्रू आवळतो आणि विषय संपतो. वस्तुतः तो जोड एका दिवसात बिघडलेला नसतो. त्याची झीज महिनोन्महिने चाललेली असते आणि बहुतेक वेळा ती आधी ओळखता येते. आजच्या विवेचनाचे सूत्र हेच आहे.

धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत भासले, तरी ते सर्वत्र एकमेकांना भिडत नाहीत. सूक्ष्म पातळीवर त्यांच्यावर उंचवटे व खळगे असतात, आणि केवळ काही उंचवटेच परस्परांना टेकतात. सारा वीजप्रवाह त्या मोजक्या बिंदूंतून वाट काढतो. स्वीडिश शास्त्रज्ञ राग्नार होल्म यांनी या स्पर्शबिंदूंचा सखोल अभ्यास केला. त्यांचा जर्मन ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला आणि या विषयाचा पाया घातला गेला.

स्पर्शबिंदू कमी झाले, की रोध वाढतो. रोध वाढला, की उष्णता वाढते. उष्णतेने ऑक्साइडचा थर जाड होतो, पकड ढिली पडते आणि उरलेले बिंदूही घटतात. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड तर विद्युतरोधकच असतो. रेल्वे इंजिनासारख्या सतत हादरणाऱ्या यंत्रात आणखी एक कारण संभवते. कथिलाचा मुलामा दिलेल्या पिना मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतक्या जरी घासत राहिल्या, तरी ऑक्साइडची भुकटी स्पर्शस्थानी साचत जाते.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. एमसीबी असल्यामुळे घर सुरक्षित आहे, असे अनेकांना वाटते. एमसीबी वाढलेल्या प्रवाहाला ओळखतो. ढिल्या जोडामुळे प्रवाह वाढत नाही, किंबहुना किंचित घटतो. म्हणून जोड जळू लागला, तरी एमसीबी स्वस्थ राहू शकतो.

मग भाकीत कसे करावे? जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. डिसेंबरात हवा २० अंश असताना, निम्म्या प्रवाहावर एखादे टर्मिनल ३० अंशांवर आढळले, तर कोणी त्याची दखल घेणार नाही. परंतु ही १० अंशांची वाढ पूर्ण प्रवाहावर सुमारे चौपट, म्हणजे ४० अंश होते. त्यात मे महिन्याचे ४५ अंश मिळवले, की तेच टर्मिनल ८५ अंशांवर पोहोचते. घरगुती वापरातील साध्या पीव्हीसी तारेची मर्यादा मात्र ७० अंश आहे. हिवाळ्यातील ‘किंचित कोमट’ जोडात उन्हाळ्यातील अपघाताची सूचना दडलेली असते, ती अशी.

रायपूरहून वर्ध्याकडे ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जाते. अशा वाहिन्यांच्या उपकेंद्रांत जोडांची पाहणी थर्मल कॅमेऱ्याने करता येते. तिन्ही फेजमधून सारखाच प्रवाह वाहत असताना एकच जोड अधिक तापलेला दिसला, तर दोष त्या जोडातच आहे, असा निष्कर्ष निघतो. त्याला जोड मिळते जुन्या नोंदींची. नव्या जोडाचा मायक्रोओहममधील रोध लिहून ठेवला असेल, तरच पुढील वाढ कळते.

सरासरी आयुष्यावर विसंबणेही धोक्याचे असते. शंभर जोडांचे सरासरी आयुष्य वीस वर्षे असले, तरी पहिला जोड पाचव्या वर्षी जळू शकतो, आणि आग लागण्यास तो एकच पुरेसा असतो. अशा विखुरलेल्या आयुर्मानाचे गणित वालोदी वायबुल यांनी १९५१ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडले.

घरासाठी इतके शास्त्र लागत नाही. काळवंडलेले सॉकेट, सैल बसणारा प्लग, चरचर आवाज, लुकलुकणारा दिवा आणि जळका वास या पाच खुणा पुरेशा आहेत. यांपैकी एकही आढळल्यास वापर थांबवावा व जाणकार वायरमनला बोलवावे. स्वतः पेटी उघडू नये. जळालेला जोड नुसता आवळून चालत नाही, तो बदलावाच लागतो. दरवर्षी होळीपूर्वी, कूलर बाहेर काढण्याच्या वेळीच, ही तपासणी करून वहीत तारीख नोंदवावी. पुढच्या वर्षी तीच नोंद घराचे रक्षण करील.