खेळणे आणि खेळ घडविणे

(विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आपल्या कॉलनीतील बारावीच्या एका मुलाला पुढे काय करणार असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, "व्हिडिओ गेम बनविणार." घरातली मंडळी गप्पच झाली. त्याचे वडील माझे सहकारी. मला म्हणाले, "भाऊ, तुम्हीच समजवा त्याला." म्हणून आज दोघांशीही बोलतो.

पालकांनो, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांशी या व्यवसायाची गल्लत करू नका. तसल्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. हा मुलगा म्हणतो ते इंजिनियरिंगचे काम आहे. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात कोणते बटण दाबले ते वाचायचे, हालचालींचे गणित करायचे आणि नवे चित्र काढायचे. उशीर झाला की खेळ अडखळतो. आपले लोको पायलट ज्या सिम्युलेटरवर शिकतात, त्यामागेही गाडीचे वजन, चढ-उतार आणि ब्रेक यांचे असेच गणित असते.

विद्यार्थी मित्रांनो, 'गेम डेव्हलपर' ही एकच पोस्ट नव्हे. आपल्याकडे सिग्नल, ट्रॅक, कॅरेज-वॅगन असे विभाग आहेत, तसेच तिथे प्रोग्रामर, चित्रकार, ॲनिमेटर, खेळाचे नियम आखणारे डिझायनर आणि चुका शोधणारे टेस्टर असतात. यातले आपण कोण, हे आधी ठरवा. प्रोग्रामर व्हायचे असेल तर व्हेक्टर, मॅट्रिक्स आणि त्रिकोणमिती पक्की हवी. युनिटीसाठी सी शार्प आणि अनरिअलसाठी सी प्लस प्लस शिकावे लागेल.

धोकाही सांगितला पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या गेम विभागातील सुमारे १,९०० नोकऱ्या कमी केल्या. म्हणून कॉम्प्युटरचे रीतसर शिक्षण सोडू नका. ते दुसरीकडेही उपयोगी पडते. मी स्वतः डिप्लोमावाला, त्यामुळे डिग्री मोठी की डिप्लोमा या वादात पडत नाही. पण या क्षेत्रात "तुम्ही काय बनविले?" हा प्रश्न हमखास येतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे उदाहरण घ्या. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून निधी मागितला, पण ठरलेली रक्कम जमली नाही. तरीही त्यांनी काम पुरे केले आणि २०२० मध्ये 'राजी' हा खेळ बाजारात आणला.

तेव्हा पालकांना माझी विनंती आहे, मुलाला एक वर्ष द्या. गोडो आणि ब्लेंडर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. आणि मुलांनो, या वर्षात एकच छोटा खेळ करा, पण पुरा करा. पुढच्या गणेशोत्सवात तो याच मंडपात लहान मुलांच्या हाती द्या, शेजारी मुकाट्याने उभे राहा आणि ती कुठे अडतात ते पाहा. घरी येऊन दुरुस्ती करावीशी वाटली, तर हे काम तुमचे. नुसतेच खेळावेसे वाटले, तर तो छंद समजा. त्यातही काही वाईट नाही.