शाळेचे नाव, आईबापांची वर्गणी

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मैदान येते. अमेरिकेत नुसते ‘हॉकी’ म्हटले तर बहुधा ती बर्फावरची. पायांत पात्यांचे स्केट, चेंडूऐवजी रबराची जाड चकती, म्हणजे ‘पक’, आणि एका बाजूला सहा खेळाडू. तिथल्या हायस्कुलांत, म्हणजे नववी ते बारावीच्या मुलामुलींत, या खेळाचे संघ कसे उभे राहतात आणि त्यासाठी आईबाप काय काय करतात, ते आज सांगणार आहे.

मिनेसोटा हे कॅनडाला लागून असलेले राज्य. हिवाळ्यात तिथली तळी गोठतात आणि पोरांना खेळायला बर्फ फुकट मिळतो. शाळांची राज्य स्पर्धा तिथे 1945 पासून भरते, मुलींची 1995 पासून. वॉररोड नावाचे जेमतेम दोन हजार वस्तीचे गाव आहे. तिथल्या बिल ख्रिश्चनने 1960 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले, त्याच्या मुलाने, डेव्हने, 1980 मध्ये. अशा ठिकाणी शाळेचा संघ असणे शाळेला घंटा असण्याइतकेच स्वाभाविक.

पण टेक्साससारख्या उष्ण राज्यात काय? 1993 मध्ये मिनेसोटाचा व्यावसायिक संघ डलासला गेला आणि तिथल्या मुलांना या खेळाचे वेड लागले. मात्र राज्याच्या शालेय क्रीडा मंडळाच्या यादीत आइस हॉकी नाही. इतरही अनेक राज्यांत हीच स्थिती. मुलाला तर आपल्याच शाळेचे नाव छातीवर हवे असते. मग चार-पाच घरचे पालक मुख्याध्यापकांकडे जातात. उत्तर साधारण ठरलेले: नाव वापरा, पैसे मागू नका, विम्याचे तुम्ही पाहा. मुले पुरेशी नसतील तर शेजारच्या शाळेशी जोडी जमवायची. असा संघ शाळेचा म्हणवतो, कागदोपत्री मात्र तो पालकांचा क्लब असतो.

खर्चाचे मूळ बर्फात आहे. सुमारे 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद रिंगण, त्यावर इंचभर बर्फ, आणि तो टिकवायला अखंड चालणारी यंत्रे. म्हणून बर्फ तासावर भाड्याने मिळतो. समजा, तासाला 300 डॉलर धरले. आठवड्याचे तीन तास, वीस आठवडे, म्हणजे 18,000 डॉलर झाले. पंधरा मुलांत वाटले तर प्रत्येकी 1,200. यात प्रशिक्षक, पंच, प्रवास काही आले नाही. स्केट तर वेगळेच. वाढत्या वयात पाय काही थांबत नाहीत! गोलरक्षकाचा सरंजाम इतका महाग, की पुष्कळदा संघच तो विकत घेतो. शिवाय सोयीच्या वेळा आधीच गेलेल्या असतात. म्हणून पहाटे पाचला नाही तर रात्री दहाला सराव, आणि गाडी चालवायला बाप किंवा आई.

वर्गणी या शब्दाशी आपला जुना जिव्हाळा. ती मंडळीही तेच करतात. गाड्या धुतात, सकाळच्या नाश्त्याची तिकिटे विकतात, सोडती काढतात, दुकानदारांकडून जाहिराती मिळवतात. एखादी आई खजिनदार होते आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर हिशेब मांडून बसते. मला या माणसांचे मनापासून कौतुक वाटते.

तरी एक प्रश्न उरतोच. छातीवरचे नाव सगळ्यांच्या शाळेचे, पण संघात कोण येणार? ज्याचे आईबाप 1,200 डॉलर भरू शकतात तो. काही संघ यासाठी सामाईक निधी ठेवतात, जुने स्केट जमवून देतात. पण निधी मागायलाही तोंड उघडावे लागते, आणि स्वाभिमानी बाप ते उघडत नाही. मुलाला फुटबॉल चांगला, असे सांगून मोकळा होतो. दुसरीकडे ज्याने मोठा चेक दिला त्याला वाटते, आपला मुलगा बर्फावर जरा जास्त वेळ दिसावा. प्रशिक्षकाची पंचाईत होते. देणग्या घेणारे आणि संघ निवडणारे वेगळेच असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलींचे काय? 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शाळांना मुलींनाही समान संधी देणे भाग पडले. शाळेच्या मुलांच्या संघाला पालकांच्या देणगीतून सोयी मिळाल्या, तरी मुलींना तोलामोलाच्या सोयी देण्याची जबाबदारी शाळेचीच. पैसा आमचा, असे म्हणून तिला सुटता येत नाही. पण खेळ शाळेचा नसून बाहेरच्या क्लबचा, असे म्हटले की ही जबाबदारी कोणाची, हे सांगणे अवघड होते. पालकांच्या पैशावर सुरू झालेला संघ दोन-चार वर्षांत शाळेने आपल्या अंदाजपत्रकात घ्यावा, असे मला वाटते ते यासाठीच.

तसे झाले नाही तर काय होते? चार वर्षांत मुले बारावी होऊन बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे आईबापही. खजिनदारबाई वही, बँकेचे पासबुक आणि गोलरक्षकाचे पॅड कोणाच्या तरी हवाली करू पाहतात. त्या वर्षी नववीत खेळणारी मुले किती आली, यावर पुढचा हिवाळा स्वतःच्या नावाने काढायचा की शेजारच्या शाळेत मिसळायचे, हे ठरते.