मूत्रविकार, आपला संकोच आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक आणि शिष्यवृत्ती-निधीचा हिशेब हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे विषय होत. आज मात्र ज्याविषयी घरातल्या घरातही उघड बोलले जात नाही, अशा एका विषयावर चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मी मागतो. तो विषय म्हणजे मूत्रविकार. मी वैद्य नव्हे, शाळामास्तर आहे. जाणत्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, तेच सोपे करून आपल्यापुढे ठेवीत आहे.

हे विकार आपण दोन कारणांनी लपवितो. एक लाज आणि दुसरी शस्त्राची भीती. पैकी भीतीला एके काळी सबळ आधार होता. सुश्रुताने मूतखड्याच्या शस्त्रकर्माचे वर्णन केले आहे. परंतु तो अखेरचा उपाय होय आणि राजाची अनुज्ञा घेऊनच तो करावा, असेही बजावले आहे. १८२४ साली पॅरिसमध्ये झाँ सिव्हियाल या शल्यविशारदाने कोठेही छेद न देता, मूत्रमार्गातून उपकरण घालून मूत्राशयातील खडा फोडून दाखविला. १८३५ साली तेथील विज्ञान अकादमीपुढे आकडे मांडले गेले, तेव्हा असे दिसले की, छेद देऊन खडा काढलेल्या रुग्णांपैकी सुमारे पाचांत एक दगावत असे, तर नव्या रीतीत शंभरांत दोन-तीन. कमी चिरफाड म्हणजे रुग्णाला कमी धोका, हे तत्त्व तेथे सिद्ध झाले.

त्या तत्त्वाचा विस्तार गेल्या पन्नास वर्षांत झाला. १९७६ साली स्वीडनमध्ये पाठीतून मूत्रपिंडापर्यंत बारीक वाट करून खडा काढण्यात आला. १९८० साली जर्मनीतील म्युनिक येथे शरीराबाहेरून आघातलहरी सोडून मूत्रपिंडातील खडा फोडण्यात यश आले. तिसरी रीत म्हणजे मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण वर नेऊन लेसरने खड्याचा चुरा करणे. यांतील कोणती रीत योग्य, हे खड्याचा आकार, जागा व कठीणपणा पाहून डॉक्टर ठरवितात. पाच मिलिमीटरांहून लहान खडा बहुधा आपोआप पडतो. दोन सेंटिमीटरांहून मोठ्या खड्याला सामान्यतः पाठीतील वाटच बरी पडते.

पूर्वी मूत्रपिंडातील खड्यासाठी कुशीवर वीतभर छेद घेत, स्नायू कापीत, आणि रुग्ण आठ-दहा दिवस रुग्णालयात व महिना-दीड महिना घरी पडून राही. आज पाठीवरील छेद सुमारे एक सेंटिमीटरचा असतो. वेदना कमी, रक्तस्राव बहुधा कमी, जखम चिघळण्याचे भय थोडे, आणि दोन-चार दिवसांत माणूस घरी. ज्याच्या घरची चूल रोजच्या मजुरीवर वा दुकानावर चालते, त्याला हे वाचलेले दिवस केवढे मोलाचे आहेत, हे मी सांगावयास नको.

साठी ओलांडलेल्या पुरुषांस दुसरा विकार गाठतो, तो प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीचा. धार बारीक होणे, रात्री वारंवार उठावे लागणे, लघवी पुरी न झाल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. पुष्कळांना औषधानेच आराम पडतो. न पडल्यास मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून ग्रंथीचा अडथळा दूर करतात. पोटावर टाकाही पडत नाही.

माझ्या एका वडीलधाऱ्या आप्तांनी ही लक्षणे चार वर्षे लपविली. ‘वयाचा धर्म आहे’ एवढेच ते म्हणत. एका रात्री लघवी पूर्णपणे तुंबली आणि नळी घालून ती काढावी लागली. शस्त्रक्रिया निर्विघ्न झाली, चौथ्या दिवशी ते घरी आले. परंतु तुंबलेल्या लघवीच्या दाबाने मूत्रपिंडांची जी हानी आधीच झाली होती, ती सर्वस्वी भरून आली नाही. शस्त्र सौम्य झाले, तरी विलंब सौम्य होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

छेद लहान म्हणून शस्त्रक्रिया क्षुल्लक, असेही कोणी समजू नये. रक्तस्राव व जंतुसंसर्ग येथेही होऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांस आधी सांगावे. खडा काढल्यावर मूत्रवाहिनीत कधी कधी तात्पुरती बारीक नळी ठेवतात, तिला स्टेंट म्हणतात. ती काढण्याची तारीख घरातील दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावी. कारण महिनोन्‌महिने विसरलेल्या नळीवरच खडे साचतात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड ओझे उचलू नये. आणि खडा निघाला तरी तो पुन्हा होऊ शकतो. म्हणून दिवसाकाठी दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. मात्र हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांस विचारूनच ठरवावे.

दोन लक्षणांच्या बाबतीत तर एक दिवसही दवडू नये. कुशीतील कळेबरोबर थंडी वाजून ताप येणे, आणि लघवी तुंबणे. वेदनारहित असले तरी लघवीतून जाणारे रक्त तपासून घ्यावे. त्यामागे कर्करोग असू शकतो.

खर्चाची चिंता असलेल्या कुटुंबांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी अवश्य करावी. २०१२ साली दुसऱ्या नावाने सुरू झालेल्या व २०१७ पासून या नावाने चालणाऱ्या या योजनेत मूत्रविकारांवरील अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. कागदपत्रे जमविताना ज्यांना अडचण येते, त्यांना आपल्या मंडळातील तरुणांनी हात द्यावा. तेही ज्ञातिकार्यच होय.

शेवटी सुनांना व मुलांना एक विनंती. घरातील वडील रात्री वारंवार उठत असतील, प्रवास टाळीत असतील, किंवा सासूबाई पाणी पिणेच कमी करीत असतील, तर त्याचे कारण आदराने विचारा. ते आपण होऊन सांगणार नाहीत. आणि माझ्या वयाच्या बंधुभगिनींनो, विचारले असता आपणही खरे उत्तर द्यावे. भीतीचे बरेचसे कारण शास्त्राने दूर केले आहे. लाजेचे कारण मात्र आपले आपणच दूर केले पाहिजे.