रचलेल्या नोंदी आणि डेटाबेसची परीक्षा

डेटाबेस किती वेगाने चालतो हे तपासायचे, तर आधी त्यात नोंदी हव्यात. खऱ्या नोंदी सहसा वापरता येत नाहीत. शेतकऱ्याचे नाव, बँक खाते, उसाचे बिल ही त्याची खासगी बाब असते. म्हणून नोंदी रचाव्या लागतात. ही काटामारी नव्हे, रंगीत तालीम आहे.

बारामतीतले माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरातला भवानीनगरचा छत्रपती, अशा सहकारी साखर कारखान्याचा वजनकाटा उदाहरणाला घ्यावा. रोजचे गाळप 5000 टन आणि खेपेला सरासरी 15 टन ऊस धरला, तर दिवसाला सुमारे 330 वजनपावत्या होतात. 150 दिवसांच्या हंगामात 50,000. आजच्या संगणकाला हा आकडा किरकोळ आहे. खरा प्रश्न नोंदींच्या ठेवणीचा.

फासा टाकून गाव आणि तारीख नेमली, की जिरायती सुप्याकडूनही नीरा डाव्या कालव्याखालच्या गावांइतकाच ऊस येऊ लागतो आणि गव्हाण भर पावसाळ्यात चालू राहते. प्रत्यक्षात आडसाली, सुरू, खोडवा यांची तोड आपापल्या पाळीने येते, आणि एका फडाच्या खेपा लागोपाठ काट्यावर लागतात.

याचा वेगाशी थेट संबंध आहे. उत्तर शोधण्यापूर्वी डेटाबेस किती ओळी सापडतील याचा अंदाज बांधतो, आणि वेगळी सूचना नसेल तर बहुधा प्रत्येक रकाना स्वतंत्र मानतो. समजा, कारखान्याचे गट कार्यालय दहांतले एक, गाव शंभरांतले एक. दोन्ही अटी घातल्या की अंदाज हजारात एक. पण गाव ठरले की गट ठरलेलाच असतो, म्हणून ओळी निघतात दहापट. फाशाच्या नोंदींत गाव कुठल्याही गटात पडते आणि हा अंदाज बरोबर ठरतो. चाचणी सुरळीत पार पडते, पंधरवड्याचे बिल काढताना मात्र यंत्रणा रखडते.

1992 च्या टीपीसी-सी या प्रमाण चाचणीत दहा अक्षरगटांतले तीन-तीन जोडून 1000 आडनावे तयार होतात, आणि ती मुद्दाम विषम प्रमाणात निवडली जातात. बारामतीत पवार, तावरे, जगताप यांची गर्दी पाहता ही विषमता रास्तच. तरी सातबाऱ्यावर एक आणि पासबुकावर दुसरेच लिहिलेले नाव त्यात येत नाही.

जुन्याच पावत्यांच्या शंभर प्रती काढणे हा सोपा उपाय फसवा आहे: शेतकरी तेवढेच राहतात, प्रत्येकाचा ऊस शंभरपट होतो. त्याऐवजी खऱ्या नोंदींतून फक्त गाववार, महिनावार प्रमाणे आणि रकान्यांतले संबंध मोजावेत, नव्या नोंदी त्यांवरून रचाव्यात. यादृच्छिक आकड्यांचे आरंभबीज लिहून ठेवले, तर बदलानंतरची दुसरी चाचणीही त्याच नोंदींवर घेता येते.