कोल्ड स्टोरेजचा सेफ्टी व्हॉल्व्ह पाहिलात का?

मिरची, चिंच, बेदाणा, बटाटा असा आपला माल नवी मुंबईत तुर्भे-वाशीच्या बाजाराजवळ कोल्ड स्टोरेजमध्ये जातो. भाव पडला की आपण म्हणतो, राहू दे चार महिने थंडीत. पावती खिशात घालायची अन् गावाकडं परतायचं. पण ती थंडी तयार करणारं यंत्र कसं आहे, हे किती जण पाहतात? आता तर सोसायट्या आणि शेतकरी कंपन्या स्वतःची शीतगृहे उभारीत आहेत. तिथं संचालक म्हणून सही आपलीच असते. म्हणून आज त्या यंत्रातल्या एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहे.

मोठ्या शीतगृहात थंडीसाठी बहुधा अमोनिया वापरतात. हा वायू आपल्या ओळखीचा आहे. पहाटे बंद गोठ्यात शिरल्यावर डोळे चुरचुरतात, तो हाच. यंत्रात तो दाबून द्रवरूप केलेला असतो. ४० अंश सेल्सिअसला त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १४ किलोंच्या वर जातो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात आपण एक-दीड किलो हवा भरतो, त्यावरून अंदाज करा.

कंडेन्सरचे पाणी बंद पडले किंवा जवळपास आग लागली तर हा दाब चढतच जातो. टाकी फुटू नये म्हणून तिच्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह बसवतात. घरच्या कुकरची शिट्टी चोंदली तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो ना, तेच काम याचे. आत स्प्रिंग असते. ठरलेल्या दाबाला ती दबते, वायू नळीवाटे छपराच्या वर निघून जातो, दाब उतरला की व्हॉल्व्ह पुन्हा बसतो.

अडचण अशी की वर्षानुवर्षे तो उडतच नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. तुर्भ्याला खाडीची खारी हवा, त्यात चार महिने पाऊस. वरच्या नळीत पाणी शिरते, स्प्रिंग गंजते, व्हॉल्व्ह जागच्या जागी चिकटतो. नळीत पाखरं घरटंही करतात.

मला मात्र गंजापेक्षा माणसाची भीती जास्त. व्हॉल्व्ह जरा गळू लागला की कोणीतरी पान्याने स्क्रू आवळतो. एका ठिकाणी तर नळीच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकलेली मी स्वतः पाहिली. विचारलं तर म्हणाले, "साहेब, वासाची शेजारी तक्रार करतात." वास थांबला, पण टाकीचा राखणदार बांधून ठेवला!

अमोनिया सुटला तर काय होते? मार्च २०१७ मध्ये कानपूर जिल्ह्यात शिवराजपूर येथे बटाट्याचे शीतगृह अमोनियाच्या गळतीनंतर झालेल्या स्फोटात कोसळले आणि माणसे दगावली. नुसती गळती झाली तरी फळाच्या सालीवर काळपट डाग पडून माल बाद होतो.

तेव्हा माल ठेवण्याआधी व्यवस्थापकाला विचारा, व्हॉल्व्ह कधी बदलला? साधारण पाच वर्षांनी तो बदलावा, किंवा जाणकाराकडून दुरुस्त करून दाबावर तपासून घ्यावा. एकदा उडालेला व्हॉल्व्ह तर लगेच काढावा, कारण बैठकीत कचरा अडकला की तो नीट बसत नाही. त्याच्यावरचा शिक्का तुटलेला नसावा. संस्थेचे शीतगृह असेल तर टाकीवर दोन व्हॉल्व्ह आणि खाली तीन तोंडांचा बदली व्हॉल्व्ह मागा. एक दुरुस्तीला काढला तरी दुसरा राखणीला राहतो. एकाच व्हॉल्व्हखाली साधा कॉक बसवू देऊ नका. कोणी तो बंद केला की सगळंच व्यर्थ. स्वस्त म्हणून पितळी व्हॉल्व्हही घेऊ नका, अमोनिया पितळ खातो. ही कामे हंगाम सुरू होण्याआधी, टाकी रिकामी असताना उरकावीत. चालू यंत्राला आपण स्वतः हात लावायचा नाही, बरं का.

आणि माल उतरवताना उग्र वास आला तर पोती तिथेच टाका. नाकाला ओला रुमाल धरा, वाऱ्याला आडवे चालत बाहेर पडा आणि वारा येतो त्या बाजूला जाऊन थांबा. डोळ्यांत गेला तर निदान १५ मिनिटे साध्या पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.